खुंटीवरची पिशवी

इंग्रजांच्या काळात नाशकातल्या या घरच्या साप्ताहिकाची रीत होती. अग्रलेख थोरल्या भावानं लिहायचा आणि संपादक म्हणून नाव धाकट्याचं छापायचं, कारण सरकार संपादकाला तुरुंगात टाकी. त्याच्यासाठी पंचा, तांब्या भरून पिशवी खुंटीवर तयार असे. इंग्रज गेले तरी ती तिथंच टांगलेली राहिली. आज सुनेत्राला ती खुंटी पहिल्यांदाच रिकामी दिसली. लेकीनं कालच्या अंकात गोदेची वाळू चोरून उपसणाऱ्यांची नावं छापली होती. "संपादकाला उचलणार" असा पोलिसांकडून निरोपही आला होता. पिशवी सासूबाईंच्या पलंगावर सापडली. आत लेकीचे कपडे नव्हते. लुगडं होतं, बीपीच्या गोळ्या होत्या. सुनेत्रानं अंक उलटून शेवटची ओळ वाचली: संपादक म्हणून सासूबाईंचं नाव! "पोरीनं लिहायचं, मी जायचं," सासूबाई म्हणाल्या. जिन्यात बूट वाजले. पिशवी उचलायला त्यांनी हात पुढे केला. ती खांद्याला लावून त्या दाराकडे निघाल्या.