मोराची मान

राजूरहून आलेल्या त्या कार्डाचं उत्तर चार महिने झाले तरी मारोतरावांनी दिलं नव्हतं. कार्डाचा कोपरा कापलेला होता. म्हणजे कोणीतरी गेलं. असं पत्र घरात ठेवत नाहीत. त्यांचा मित्र धनसिंग तिथल्या कोळशाच्या खाणीत होता, दम्यानं खंगलेला. पुढचं वाचायचं धैर्य झालं नाही. त्यांनी कार्ड फाडून टाकलं.

बायकोलाही सांगितलं नाही. धनसिंगला ती भाऊ मानायची. रोज ते धनसिंगच्या बायकोला, बसंतीबाईला, सांत्वनाचं पत्र लिहायला बसत. 'आपल्या दुःखात' एवढं लिहून उठत, अंगणात फेऱ्या मारत, परत येऊन कागद फाडत.

ते तुकडे त्यांची बायको, विमलताई, उचलून नेत. विडीच्या पुड्यांचे, काडेपेट्यांवरच्या चित्रांचे, कसल्याही रद्दीचे लहान लहान चौकोन कापून त्या खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवत. मधे केसाएवढी फट सोडत. लांबून वाटे, रंगीत फरशीचे तुकडेच बसवलेत.

एकसष्ट सालची संक्रांत तोंडावर आली होती. हळदीकुंकवासाठी केलेला मोर पुरा होत आला होता. मारोतराव सकाळपासूनचा तिसरा कागद टोपलीत टाकायला आले.

"धनसिंगभाऊले उत्तर धाडलं का नाही तुम्ही?" विमलताईंनी मान वर न करता विचारलं. "का अजून शुद्धलेखनच पाहून राह्यले?"

मारोतराव जागीच थांबले. "तुले कोणं सांगितलं, त्याचं पत्र आलतं म्हणून?"

"पोस्टमननं माह्याच हातात देलं. राजूरचं हाय म्हणे. मोराच्या मानेले हिरवा कागद भेटत नव्हता. तिकीट कापून घेतलं अन् कार्ड तुमच्या मेजावर ठेवलं."

"कोपरा तू कापला?"

"तिकिटापुरताच. तुमच्या वाचण्यात काय कमी पडलं?"

मारोतराव पुठ्ठ्यावर वाकले. मोरामागची राखी जमीन शाईच्या कागदांची होती. त्यांच्याच 'दुःखात'च्या मधोमध जाड कार्डाचे चौकोन बसले होते. अक्षर खाणीतल्या मुनशीचं; धनसिंग त्याच्याकडूनच पत्र लिहून घेई. एकावर 'दमा', शेजारी 'उतरला'. खाली, उलटं चिकटलेलं, 'दिवाळीले या'.

त्यांनी चपला घातल्या आणि पोस्ट गाठलं. नवं कार्ड घेऊन 'मी येतो' एवढंच लिहिलं. पत्त्याच्या जागी, चार महिन्यांत पहिल्यांदा, धनसिंगचं नाव घातलं आणि पुन्हा वाचून न पाहता कार्ड पेटीत टाकलं.