पोटमाळ्यातल्या बाळंतिणी

लोरेनबाईंच्या शंभर वर्षं जुन्या घरात थंडी अडवणारं इन्सुलेशन भरायचं होतं, म्हणून मी पोटमाळा रिकामा करत होतो. त्यांचा मुलगा डेल खालून सारखा कावत होता, "आटप रे बाबा! घर विकायला काढलंय. एक तारखेला आईला वृद्धाश्रमात सोडायचंय."

शेवटचं खोकं हलवलं आणि वर बघतो तर तुळईला वटवाघळांच्या माद्या लटकलेल्या, प्रत्येकीच्या पोटाशी पिल्लू.

मी खाली येऊन हात वर केले. "काम बंद, डेल. पिल्लं अंगावर पितायत तोवर त्यांना हुसकावता येत नाही. आपल्या व्हरमाँट राज्याचा कायदाच आहे तसा."

"अरे, घर माझं की त्यांचं?" डेल कपाळावर हात मारून मटकन खाली बसला. "किती दिवस थांबायचं?"

"ऑगस्टपर्यंत. एकदा पिल्लं उडायला लागली, की त्यांच्या आयांना खुशाल बाहेर काढ."

कोपऱ्यात कपबश्या कागदात गुंडाळत बसलेल्या लोरेनबाईंनी मान वर केली.



"म्हणजे कायदा सगळ्या आयांना सारखाच आहे की."