चढावरची गाडी

फोंडा घाटाच्या चढावर गाडी पुन्हा आचके देऊ लागली, तशी मोरेश्वरनं ती कडेला घेऊन बॉनेट उघडलं. सुलभा आतच बसून राहिली. राधानगरीला तिच्या आईचं काही खरं नव्हतं. "अहो, एसटीने जाऊ," असं ती निघताना म्हणाली होती; ऐकलं नव्हतं ते यानंच.

इंजिन चालू ठेवून तो प्लगची एकेक वायर काढून बघू लागला. वायर काढली की इंजिन आणखी अडखळे. तिसरी काढली तेव्हा मात्र आवाजात काहीच फरक पडला नाही. म्हणजे बिघाड इथेच होता. गाडी बंद करून त्यानं प्लग बदलला, तरी आचके तसेच. मग वायर उलटीपालटी करताना तिला गेलेली बारीक चीर दिसली. डिकीत जुनी वायर पडून होती. ती लावली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

"झालं गं, निघू या," म्हणत त्यानं हसत मान वर केली.

सुलभा समोर उभी होती, हातात फोन.

"दादाचा होता," ती म्हणाली. "म्हणाला, आता सावकाश या."

चेहऱ्यावरचं हसू मोरेश्वरला पटकन आवरता येईना.