रेषेबाहेरचं घर

नगरपालिकेच्या कचेरीत वहीबाने बटण दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं. पूररेषेच्या आत घरं : शून्य. चौकशीला आलेल्या न्यायाधीशांनी चष्मा सावरून आकडा पुन्हा वाचला. भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या मसऊदाला वाचता येत नव्हतं. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

दहा दिवसांपूर्वी कोरडा ओढा फुगला आणि खजुरीच्या बागांपलीकडची वस्ती घेऊन गेला. मसऊदाचा मुलगा लमीन दुपारच्या झोपेतच गेला.

पुराच्या आदल्या दिवशी ह्याच पडद्यावर एकेचाळीस घरं होती. रेषेच्या आतल्या लोकांना भोंग्याची गाडी फिरवून हलवायचं, हा नगरपालिकेचा नियम. वहीबाने साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, गाडी पाहुण्यांना आणायला गेलीय, उद्या बघू.

घरांची यादी नगरपालिकेची, पूररेषा धरण खात्याची. पूर्वी म्हातारा कारकून सी ताहर दर महिन्याला तिकडून नकाशाची प्रत आणायचा आणि तारीख घालून कपाटात ठेवायचा. आठ वर्षांपूर्वी वहीबाने ते बंद पाडलं. आपल्या डेटाबेसमधून थेट त्यांचाच नकाशा वाचायची सोय तिने केली. इथे प्रत नाहीच. खिडकीतून शेजाऱ्याचं अंगण पाहावं, तसं. तिकडे रेघ हलली की इथे त्याच क्षणी हलते. राजधानीत तिची वाहवा झाली. सी ताहरची रद्दी तिने स्वतःच्या हाताने फेकली, वर त्याची थट्टाही केली.

आता, पुरानंतर, तिकडे कुणीतरी रेघ गुपचूप ओढ्याकडे सरकवली होती. तिने न्यायाधीशांना तसं सांगितलं. साहेबांना मात्र काहीच आठवत नव्हतं. जुनी प्रत आहे का, असं विचारल्यावर वहीबाला 'नाही' म्हणावं लागलं.

न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नीट विचार करून सांगा, मॅडम. तुमच्या ह्या जोडणीत बिघाड असू शकतो? तसं असेल, तर हे शून्य मी धरणार नाही. चौकशी चालू राहील."

एवढं उघड सांगितल्यावर कुणालाही कळलं असतं. वहीबालाही कळायला हवं होतं. पण आठ वर्षांचा अभिमान तिच्या आधीच बोलून गेला.

"माझ्या जोडणीत? शक्यच नाही. तिथे जे आहे तेच इथे दिसतं. तसूभर फरक पडत नाही."

न्यायाधीशांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि फाइल मिटली. साहेबांनी सगळ्यांसाठी पुदिन्याचा चहा मागवला. तेव्हा कुठे वहीबाला कळलं, न्यायाधीशांना नुसता तिचा होकार हवा होता.

मसऊदा काठी टेकत तिच्यापाशी आली. "काय ठरलं गं पोरी?"

वहीबाला खोटंही सुचेना. "खाला, त्यांच्या नकाशात तुमचं घर पाण्याच्या वाटेत नव्हतंच."

म्हातारीने ते नीट ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग माझा लमीन कशात बुडाला?"