रुखमाबाईच्या उंबऱ्यावरची रेघ

"बेटा, तुही रेघ जराशी सरकव न," रुखमाबाई म्हणाली आणि मुख्तारच्या ताटात तिसरी भाकर टाकली.

धरणाचं पाणी कुठवर येणार, ते दुर्बिणीतून पाहून चुन्यानं आखायचं काम बोरी अरबच्या मुख्तारकडे होतं. रेघ नेमकी म्हातारीच्या उंबऱ्यावरून गेली. खालची सगळी वस्ती बुडणार होती, छप्पनसाली एकाच दिवशी दीक्षा घेतलेली पंधरा घरं. त्यांना दोन कोसांवर नवं गाव मिळणार होतं. एकट्या रुखमाबाईचं घर बुडीत धरायचं की नाही, ते साहेबांनी अजून ठरवलं नव्हतं.

म्हातारीनं यंदा भिंतीही सारवल्या नव्हत्या. हाय खाल्ली बिचारीनं, असं मुख्तारला वाटलं नि त्याचा जीव तुटला. सहा महिने तिच्या हातचं खाल्लं होतं, आईसारखी माया लागली होती.

पण रेघ काही कोणाच्या मर्जीनं हलत नाही. काळ्या मातीचा गाभा भरा, दोन्ही अंगांना मुरूम दाबा, पाळ कितीही उंच न्या. जादा पाणी सांडव्यावरून वाहून जातं, राहतं ते त्याच्या माथ्याएवढंच. मग मुख्तार त्या सांडव्याच्याच मागे लागला. रोज काम सुटलं की पहार घेऊन तिथला खडक ठोकून पाही. वरचा थर भदभद वाजे. फूटभर खाली काळा पाषाण खणखणे. पुराचं पाणी वरचा थर खरवडून नेईल, माथा पाषाणावरच बसवा, असं तो साहेबांना सांगत राहिला. साहेबांनी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा स्वतः पहार मारून पाहिली आणि कागदावर सही केली.

सांडवा फूटभर खाली आला. मुख्तारनं त्याच दिवशी नवी रेघ आखली, अंगणाच्या पार खाली. हात चुन्यानं माखलेले, तसाच तो दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, सरकवली रेघ. घर वाचलं तुमचं. सायबानं बुडिताच्या यादीत तुमचं नावच धरलं नाही."

रुखमाबाईनं खालच्या वस्तीकडे पाहिलं. मग तिनं त्याचे हात पदरानं पुसले.

"माह्या लेका," ती म्हणाली, "सारी वस्ती चालली. मी एकटी इथं कायले राहू? मी तं तुले रेघ वर सरकव म्हनून राह्यली होती."