प्रोफाइलमधली गॅप

"दोन वर्षांची गॅप दिसली की कंपनीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात," रिक्रूटर मॅडम व्हिडिओ कॉलवर समजावत होत्या. "आणि हे काय लिहिलंय, ‘आईची शुश्रूषा’? काढा ते. ‘स्वतंत्र संशोधन प्रकल्प’ लिहा."

मी बदललं.

"आता मुलाखतीत विचारलं, हा प्रकल्प संपणार कधी, तर?"

आमची खोली एकच. आईची खाट कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मी लॅपटॉप भिंतीकडे वळवून ठेवला होता.

"संपतच आलाय," मी पुटपुटले. "महिनाभरात मोकळी होईन."

"अहो, मोठ्यानं बोला. आणि जरा हसून!"

मी मोठ्यानं, हसून सांगितलं.

कॉल संपला. आईनं तोंडावर दाबून धरलेली उशी बाजूला केली.

"झालं ना गं तुझं? आता खोकू का?"