बातमी फुटते कुठून

टंकलेखकाचा जेवणाचा डबासुद्धा उघडून झाला, पण हाती काही लागलं नाही. कात्रीकाकांनी झाकण नीट लावून डबा परत दिला आणि त्याची माफी मागितली. झडती घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण साहेबांनी ते काम त्यांच्याच गळ्यात मारलं होतं.

सरकारी वाहिनीवरची प्रत्येक बातमी आधी काकांच्या टेबलावर यायची. वरून मनाई असलेली वाक्यं ते तांबड्या पेन्सिलीनं कापत. कापलेला कागद तिथल्या तिथे यंत्रात घालून त्याचा भुगा करत. तरीही महिनाभर नेमकी तीच वाक्यं गावभर होत होती. इस्पितळात तापानं फणफणलेली मुलं, नव्या टाकीचं दूषित पाणी, त्याबद्दल बोलले म्हणून उचलून नेलेले डॉक्टर. वाहिनीनं जे जे गिळलं, ते ते जेवणं उरकायच्या आत लोकांच्या तोंडी असायचं.

सकाळी साहेबांनी बोलावून घेतलं होतं. "आठच्या बातम्यांपर्यंत मला बातमी फोडणारा माणूस हवा," ते म्हणाले. "नाहीतर उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरा बसेल."

त्या खुर्चीवर काकांचा जीव होता. तिथे दुसरा कोणी बसला तर काय होईल, या विचारानं त्यांना दुपारी जेवण गेलं नाही.

साहेबांचा संशय वार्ताहर मुलीवर होता. टाकीच्या बातम्या तीच आणायची आणि एकेका वाक्यासाठी काकांशी भांडायची. काकांनी साहेबांना निक्षून सांगितलं, की ती आली की तिचा फोन आपण स्वतः कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो, तेव्हा बातमी फोडणारी ती नाही. मुलीला याचं कौतुक नव्हतं. इतकं कापलंत तर शेवटी हवामान तेवढं उरेल, असं ती त्यांना तोंडावर म्हणाली होती. हवामानही एकदा बघून घेतो, असं काका शांतपणे म्हणाले होते.

कापण्याच्या बाबतीत ते फार कडक होते, हे खरंच. अर्धंमुर्धं कापणं त्यांना खपायचं नाही. कापायचं तर पूर्णविरामापर्यंत कापावं, असं ते नव्या लोकांना शिकवत. कधीकधी तर मनाई नसलेलं वाक्यही उडवत, आणि वरचे लोक त्यांच्यावर खूश असत.

त्यांचा विरंगुळा एकच होता. पडद्याच्या कोपऱ्यात गोलामध्ये उभी राहून, ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांच्या खुणांनी बातम्या सांगणारी एक बाई होती. सगळे तिला खुणाताई म्हणत. काकांची अक्का जन्मापासून ऐकू न येणारी, त्यामुळे ही भाषा त्यांना लहानपणापासून अवगत होती. रोज बातम्यांआधी ते स्टुडिओच्या काचेशी उभे राहत, पलीकडे खुणाताई, आणि दोघांच्या हातांच्या गप्पा रंगत. काका घरी काकूंशीही एवढं बोलत नसतील, अशी थट्टा चालायची. इथे निदान आवाज चढत नाही, असं काका म्हणत.

आठला थोडा वेळ असताना साहेब स्वतः नियंत्रण कक्षात येऊन बसले. आज त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या चालकाचा मेहुणा शिवणाच्या कारखान्यात होता. तिथले कामगार बहुतेक ऐकू न येणारे. आणि गावात कुणालाही कळायच्या आधी बातमी त्या कारखान्यात पोचलेली असते, असं तो सांगत होता.

साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "ही काय बोलते, ते तुमच्याशिवाय इथे कुणाला कळतं?"

कुणालाच कळत नव्हतं.

"मग बघा आणि मला सांगा. एक नाव द्या, खुर्ची तुमचीच."

बातम्या सुरू झाल्या. निवेदकानं हसऱ्या चेहऱ्यानं सांगितलं, की टाकीचं पाणी तपासलं असून ते बिनधास्त वापरावं. कोपऱ्यात खुणाताईचे हात झरझर चालले होते. काका पापणी न हलवता बघत होते, आणि साहेब काकांकडे बघत होते.

निवेदकानं निरोप घेतला.

"काय सांगत होती ती?"

"निवेदक सांगत होता तेच, साहेब. शब्दाला शब्द."

"नक्की?"

"माझी बहीण याच भाषेत वाढली. माझी चूक होणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. मग आता आपल्याला काही करता येणार नाही, दहाच्या बातम्या झाल्या की किल्ल्या ठेवून जा, असं सांगून ते उठून गेले. काकांनी विनवणी केली नाही. इतक्या वर्षांची खुर्ची अशी काढून घेतली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दारातून वार्ताहर मुलीनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली.

"काका, कुणाचंही नाव घेऊन सुटला असतात," ती म्हणाली. "मी तुम्हाला फार बोलले."

काकांनी कपाट उघडून तिला तिचा फोन काढून दिला. ती गेल्यावर ते काचेशी जाऊन उभे राहिले. पलीकडे खुणाताई कानावरचे हेडफोन काढत होती. काय झालं, असं तिनं हातांनीच विचारलं.

काकांनी मागे वळून दार लागल्याची खात्री केली आणि हात उचलले. "उद्यापासून मी नाही," ते खुणांनी म्हणाले. "आणि आज मी कापलेल्यातली एक ओळ तुझ्याकडून राहिली: पाणी उकळूनसुद्धा पिऊ नका. दहाच्या बातम्यांत तेवढी घे."